वडिलांची लोखंडी खाट

आमच्या गावात लोखंडी खाट पहिल्यांदा आली ती माझ्या वडिलांसाठी, आणि ती मी आणली. मुंबईच्या गोदीत मी कारकून होतो. खाटेचे भाग सुटे करून सुतळीने बांधले, लाँचवर चढवले, मांडव्याला उतरवले आणि तिथून भाड्याच्या बैलगाडीत टाकले. बरोबर कापसाची जाड गादी होती. गाडी गावात शिरली तेव्हा मी मुद्दाम उतरून तिच्या मागून पायी चालू लागलो. गाडीत बसलो असतो तर लोकांनी नुसतं पाहिलं असतं. पायी चाललो म्हणून ते थांबवून विचारू लागले, आणि मला सांगता आलं, "बासाठी आणली."

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या हातून जे घडलं त्याची सुरुवात त्या चालण्यात आहे.

वडिलांची उमेदीची वर्षं भाताच्या गिरणीत गेली. शेती होती, पण ती चार महिन्यांची. पीक निघालं की ते तालुक्याच्या गिरणीत जात आणि भात भरडायच्या यंत्रापाशी उभे राहत. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, कान, मिशा सगळं कोंड्याने पिवळसर झालेलं असे. आम्ही लहानपणी हसायचो. तोच कोंडा पुढे छातीत बसला. साठीला आले तेव्हा ओटीवरून विहिरीपर्यंत चालायला त्यांना दोनदा थांबावं लागे. आडवं निजता येत नसे. मांडीवर उशी, उशीवर कोपरं, आणि मान पुढे घालून बसलेले, अशीच त्यांची झोप.

थंडीत खोकला वाढायचा, पण खरी कसोटी वैशाखात. आमचं गाव नागावपासून दोन कोस आत. नागावला नारळ-पोफळीच्या वाड्या, पाण्याचे पाट, दर्याचा वारा. आमच्याकडे भाताची उघडी खाचरं, भेगा पडलेली, आणि मागे उघडा डोंगर. दर्याचा वारा आमच्यापर्यंत पोचायला दुपार कलावी लागते, तोवर कौलांखाली माणूस शिजून निघतो. मी दरवर्षी वैशाखात महिन्याची रजा काढून गावी यायचो. एक तर भाताच्या रोपासाठी राब भाजायचा असे, दुसरं म्हणजे वडिलांना पाऊस येईपर्यंत सांभाळायचं असे. स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील, त्या वर्षीचा उन्हाळा फार वाईट होता. खाट त्याच वर्षी आणली.

रजेच्या पहिल्याच आठवड्यात मी आणि माझी बायको वडिलांना गाडीत बसवून सकाळच्या गारव्यात तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर बोलायला शांत होते. नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अंग तापलं की श्वास वाढतो. तुमचा-माझा वाढला तर काही बिघडत नाही. यांच्याकडे वाढवायला श्वास शिल्लकच नाही. तेव्हा पाऊस येईपर्यंत यांचं अंग तापू द्यायचं नाही. ओली फडकी ठेवा, घोट घोट पाणी देत राहा, धूर जवळ येऊ देऊ नका. आणि घरातली सगळ्यात गार जागा शोधा. दुपारी तिथेच ठेवा."

वडील म्हणाले, "डागदरसाहेब, आमच्या घरात... गार जागा... एकच. रांजणाचं बूड."

डॉक्टर हसले. "मग त्या बुडाशी जाऊन बसा. औषधापेक्षा बरं."

मीही हसलो. मी ते थट्टेत घेतलं. बायकोने घेतलं नाही. ती नागावच्या वाडीत वाढलेली, तिचे वडील तिथे रहाटावर होते. दुपारच्या उन्हात गारवा कुठे लपतो ते तिला माहीत होतं.

मला डॉक्टरांचं म्हणणं मनापासून पटलंही नव्हतं. दमेकरी माणसाला गार लागू द्यायचं नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. पाणी कोमट द्यायचं, छाती झाकून ठेवायची, ओल तर जवळही येऊ द्यायची नाही. आणि खाट मी आधीच पडवीत लावून ठेवली होती. पडवीत का, तर ती रस्त्यावरून दिसते. पडवीचं छप्पर उतरतं. उंच खाटेवर जाड गादी, तिच्यावर बसलेले वडील, आणि डोक्यापासून दीड हातावर तापलेली कौलं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "लेका, पालखीत... बसवलंस... मला." मला ते कौतुक वाटलं.

त्या वेळी एका श्वासात त्यांचे दोन-तीन शब्द होत होते. हे मी तेव्हा मोजत नव्हतो. नंतर मोजलं.

मग मी राबाच्या कामाला लागलो. भाताचं रोप जिथे पेरायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत आणि माती थरांनी पसरायची आणि पावसाआधी भाजून काढायची, याला राब म्हणतात. जळण गोळा करणं, पसरणं, भाजणं, यात पंधरा दिवस जातात. मी सकाळी शेतावर जायचो तो उन्हं कलल्यावर परत यायचो. आलो की वडील खाटेवर असत. चेहऱ्यावर थोडी टवटवी दिसे. रात्री पेज पोटभर घेत. आठव्या दिवशी त्यांनी मला गिरणीतल्या मुकादमाची एक जुनी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मी मनात म्हटलं, खाट मानवली.

दुसऱ्या दिवशी मी राबाचा पहिला तुकडा पेटवला होता. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा, म्हणजे आग सावकाश सरकते आणि माती नीट भाजते. मी काठी घेऊन कडेने फिरत होतो, तेवढ्यात बांधावरून माझा चुलता धावत येताना दिसला. धोतर एका हातात, दुसरा हात वर.

"अरे ए! राब कसला भाजतोस? तुझा बा भुईवर हाय! सून तोंडात पानी घालते!"

जे वाचतात त्यांना हे सांगायला नको, पण सांगतो. आमच्याकडे माणसाचा शेवट जवळ आला की त्याला अंथरुणावरून उतरवून शेणाने सारवलेल्या जमिनीवर घेतात आणि तोंडात पाणी घालतात. खाटेवर जीव जाऊ देत नाहीत. खाटेवर गेला तर तो अधांतरी राहतो म्हणतात. म्हणून जमिनीवरचा आजारी म्हातारा आणि त्याच्या तोंडाशी धरलेलं भांडं, एवढं मागच्या दारातून कुणा शेजारणीला दिसलं आणि तिने आळी गोळा केली.

मी राब तसाच टाकून धावलो. धावताना मोठ्याने रडत होतो. घरात दहा-बारा माणसं. त्यांना बाजूला सारून मी माजघरात घुसलो.

वडील रांजणाला खेटून, मातीच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. मांडीवर उशी. डोक्यावर ओला पंचा. पाय पितळी परातीत, परातीत घोट्यापर्यंत पाणी. भोवतालची जमीन शिंपडून ओली केलेली. बायको पोफळीच्या झावळीच्या देठाची रुंद साल भिजवून तिने वारा घालत होती. तिच्याकडे त्याला विरी म्हणतात. माजघरात अंधार होता आणि गार होतं. बाहेरून धावत आल्यावर मला ते अंगाला जाणवलं, हे मी आज कबूल करतो.

वडिलांनी मान वर केली, सगळ्यांकडे बघितलं. "काय रं, सगळी जमलीत? तिरडीचं बांबू आनलंत का... असंच आलात रिकामं हात हलवत?"

लोक हसले. कुणी कपाळाला हात लावला. ज्या माणसाच्या श्वासात दोन-तीन शब्द मावत होते तो इतकं बोलला, हे तिथे एकट्या माझ्या बायकोला समजत होतं. मी लोकांची तोंडं बघत होतो.

चुलता दम खात म्हणाला, "मुंबईच्या खाटेला ढेकूण झाले काय रं? म्हातारा खाली उतरला तो!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "खाट लोकांना दाखवाया, बाप मातीत बसवाया. मुंबईची रीत असंल."

पुन्हा हसणं. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. मरण आलं म्हणून धावत आलेली माणसं मरण नाही म्हणून हसत होती. पण गाडीमागून पायी चालत मी जे कमावलं होतं ते त्या दोन वाक्यांत गेलं असं मला वाटलं.

लोक पांगल्यावर मी बायकोला मागच्या दारी घेऊन गेलो.

"कधीपासून चाललंय?"

"आठ दिस झालं. तुमी शेतावर गेलात की उतरवते. यायच्या आत चढवते."

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुमी न्हाय म्हनला असता."

"दमेकऱ्याचे पाय पाण्यात ठेवतेस? ओलीत बसवतेस?"

"डागदरांनी सांगितलं की. तुमी व्हतात तितं."

"जिवंत माणसाला भुईवर घ्या असं सांगितलं होतं?"

"घेतलं न्हाय वो, बसवलंय. चूल पेटवताना मी भुईवर बसत न्हाय? जेवताना तुमी बसत न्हाय?"

मी आवाज चढवला. म्हणालो, "लोक काय बोलले ऐकलंस ना? माझा बाप जिवंत आहे अजून. पुन्हा त्याला खाली उतरवलंस तर माहेरी पोचवीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मामांना इचारा तरी." मी विचारलं नाही. आत जाऊन त्यांना दोन्ही हातांनी उचललं आणि खाटेवर नेऊन बसवलं. ते इतके हलके झाले होते. ते म्हणाले, "अरं, बरं वाटत व्हतं रं." तेवढंच म्हणाले. मी परात उचलून माळ्यावर टाकली.

पुढचे तीन दिवस मी शेतावर गेलो नाही. पडवीतच बसून राहिलो, पहाऱ्याला. वारा घालत होतो, पण घालत होतो तो कौलांखालचाच गरम वारा. कोमट पाणी देत होतो. गादीला पाठीचा आणि मांड्यांचा घाम लागून ती दमट आणि ऊन झाली होती. पहिल्या दिवशी त्यांच्या बोलण्याचे पुन्हा तीन शब्दांवर तुकडे पडू लागले. दुसऱ्या दिवशी दोन. पेज चार घोटांवर आली. बायको दोनदा पडवीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. पहिल्यांदा म्हणाली, "पंचा तरी भिजवून देऊ?" मी नको म्हणालो. दुसऱ्यांदा उंबऱ्यावरूनच परत गेली.

तिसऱ्या दिवशी डोंगरावर ढग दिसले. पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ. पण ढग दिसले की राब राहिलेल्या माणसांची गाळण उडते. दुपारपर्यंत गावाच्या चारी बाजूंनी राब पेटले. वारा पडलेला होता. धूर वर जाईना, जमिनीलगत पसरून घरांकडे येऊ लागला. मी पडवीला गोणपाटं बांधली. बायको आतून म्हणाली, "ती भिजवा तरी. धूरबी आडंल, गारबी व्हईल. न्हायतर माजघरात घ्या, मागचं दार लावते, तितं धूर न्हाय येत."

मी म्हणालो, "ओल नको."

कोरड्या गोणपाटांनी धूर थोडा अडला आणि उष्मा पुरता कोंडला. वडिलांचे खांदे प्रत्येक श्वासाला वर जात होते. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ. ओठांचा रंग बदलला होता. त्यांनी उशीवरचा एक हात काढला आणि खाटेच्या कडेवरून खाली सोडला. बोटं जमिनीकडे. खाट उंच होती, बोटं पोचत नव्हती.

"भुई," ते म्हणाले.

एकच शब्द. मला कळला. कळला नाही असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण मला कळला होता. त्यांना आत रांजणापाशी जायचं होतं. ते मरण मागत नव्हते, गारवा मागत होते. आणि मी म्हणालो, "बा, असं अभद्र बोलू नकोस."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. रागवायलाही श्वास लागतो.

मग थोड्या वेळाने त्यांचं कपाळ उशीवर टेकलं. धाप कमी होत गेली. मला वाटलं, डोळा लागला. मला बरं वाटलं. पंख्याच्या वाऱ्याने जाग येऊ नये म्हणून मी पंखा खाली ठेवला. किती वेळ तसा बसलो होतो ते सांगता येणार नाही. बायको पाण्याचं भांडं घेऊन आली, उभी राहिली, वाकून त्यांच्या तोंडाशी हात नेला. मग भांडं हळूच खाली ठेवलं.

"मामा गेलं," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी त्यांना खाली घेतलं. मी खांदे धरले, तिने पाय. माजघरात आणलं, रांजणासमोर. सकाळीच तिने जमीन सारवली होती. मी बसलो तेव्हा गुडघ्यांना गार लागलं. तिने तुळशीचं पान आणि पाणी त्यांच्या तोंडात घातलं. पाणी गालावरून बाहेर आलं. त्यानंतर मी बाहेर जाऊन हाक मारली.

चुलता पहिला आला. त्याने उंबऱ्यातूनच विचारलं, "भुईवर घेतला व्हता ना?"

"हो."

"जीव असताना?"

"हो. त्यानेच हात केला भुईकडे."

हातापुरतं खरं होतं, म्हणून खोटं नीट बसलं. चुलत्याने डोळे पुसले आणि अंगणात जमलेल्या माणसांना सांगितलं, "पोरगा जाणता निघाला. बाला खाटेवर मरू दिला न्हाय." माझी बायको तिथेच, दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती आत गेली आणि माळ्यावरची परात काढून धुऊन जागेवर ठेवली.

त्यानंतर गावात कुणी आजारी पडलं की चुलता ती गोष्ट सांगायचा. म्हाताऱ्याने कसा हात केला, मुलाने कसा वेळेवर उतरवला. मी समोर असलो तरी सांगायचा. मी मान खाली घालायचो आणि लोकांना ते दुःख वाटायचं. बायकोने या गोष्टीबद्दल मला कधीही टोकलं नाही. आमचं बाकी सगळं बोलणं चालू होतं. या एका ठिकाणी आल्यावर ती उठून कामाला जायची.

खाट गावात फिरू लागली. कुणाकडे बाळंतीण, कुणाचा पाय मोडलेला, लोक मागायला येत आणि मी देत असे. ती परत येऊच नये असं वाटायचं, पण ती परत यायची.

सहा-सात वर्षांनी, मी असाच वैशाखात गावी असताना, चुलत्याचा मुलगा आला. घामाने भिजलेला.

"दादा, खाट पायजे. बाला दम लागलाय. थोरल्या काकांना लागायचा तसाच. डागदर म्हनला गार जागी ठेवा. पडवीत टाकतो, वारा लागंल."

मी म्हणालो, "खाट नको नेऊस. माजघरात रांजणापाशी बसव त्याला. खाली. पाय पाण्यात ठेव."

तो मागे सरकला. "भुईवर? माझा बाप जिता हाय अजून, दादा!"

माझंच वाक्य, जवळजवळ तसंच. मी ओटीवर खाली बसलो. आत बायको तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. मी त्याला सांगितलं. आठ दिवस बाला कशाने बरं वाटत होतं ते, मी काय बंद केलं ते, गोणपाटं, हात, तो एक शब्द. आणि शेवटी म्हणालो, "तुझ्या बाने जी गोष्ट गावभर सांगितली ती खोटी आहे. बा खाटेवर गेला. मी खाली घेतला तो गेल्यावर."

सुपाचा आवाज थांबला होता.

तो ओटीच्या कडेला टेकला, कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "काका अधांतरी ऱ्हायला मंग."

"ते मला माहीत नाही. त्याला गार हवं होतं एवढं माहीत आहे."

"आनि आमी इतकी वर्सं..." त्याने वाक्य सोडून दिलं. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मला वाटलं, पटलं. पण तो उठला आणि म्हणाला, "तरी खाट दे, दादा. दारावरनं मानसं जातात. खाली बसलेला दिसला तर काय सांगू मी लोकांना?"

त्याला अडवायचा अधिकार माझ्या तोंडाला नव्हता. मी पडवीत गेलो. खाट एकट्याने उचलत नाही. पुढची बाजू त्याने धरली, मागची मी. भर उन्हात आम्ही ती घेऊन निघालो. लोखंड हाताला पोळत होतं.

वाटेत मी मागे वळून बघितलं. बायको येत होती. डोक्यावर पाण्याचा हंडा, काखेत ती पितळी परात, हातात विरी. मी थांबलो नाही आणि तिला थांबवलंही नाही.

चुलत्याच्या पडवीत आम्ही खाट टेकवली. तो भिंतीला धरून उभा होता, मान पुढे, खांदे वर चढलेले. खाट बघून त्याच्या तोंडावर समाधान आलं. माझी बायको आमच्या दोघांच्या मधून पुढे गेली, हंडा उतरवला आणि त्याला विचारलं,

"काका, तुमचा रांजन कुटं हाय?"